हलव्याचे दागिने आणि हातांचे मोल

माझी आत्या पोलादपूरला राहते. वय 71. गेली चाळीसहून अधिक वर्षे ती संक्रांतीसाठी हलव्याचे दागिने करीत आली आहे. नात्यातील नव्या सुनेची पहिली संक्रांत असो वा कोणा बाळाचे बोरन्हाण, आत्याकडून पुठ्ठ्याचा डबा येणार हे ठरलेले. त्यासाठी तिने कधी एक पैसाही घेतला नाही. कोणी खणनारळाने ओटी भरली, की तिचे समाधान होत असे. चार वर्षांपूर्वी महाडच्या एका अनोळखी गृहिणीने असा संच पाहून फोन केला आणि विचारले, "किती द्यायचे?" आत्या म्हणाली, "द्या काहीतरी." तिच्या व्यवसायाचा आरंभ या दोन शब्दांनी झाला, आणि अडचणींचाही.

आयुष्यभर जपलेली कला उतारवयात चार पैसे मिळवून देऊ लागली, तर त्यासारखे सुख नाही. मात्र हौस आणि व्यवसाय यांतील अंतर मनाला कळण्याआधी शरीराला कळते. आजच्या लेखाचा विषय हाच आहे.

हे काम किती कष्टाचे असते, ते आधी पाहू. तीळ, खसखस, साबुदाणा किंवा कलिंगडाच्या बिया परातीत घेऊन मंद आचेवर ठेवायच्या, त्यांवर साखरेचा पाक थेंबाथेंबाने सोडायचा आणि बोटांनी दाणे सतत फिरवत राहायचे. हवा गार आणि कोरडी असेल तरच हलव्यावर नीट काटा येतो. म्हणून आत्या डिसेंबरातल्या गार पहाटेची वाट पाहते. त्यानंतर एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत अडकवून ठुशी, तन्मणी, नथ, बाजूबंद, तोडे, कंबरपट्टा असे दागिने घडतात. जावयासाठी हार आणि नारळ, बाळासाठी मुकुट आणि बासरी. काळ्या चंद्रकळेवर हे पांढरे दागिने उठून दिसतात, परंतु त्यामागे शेकडो गाठी असतात आणि प्रत्येक गाठ अंगठा व तर्जनीच्या चिमटीत मारलेली असते.

पहिल्याच हंगामात आत्याने नऊ संच स्वीकारले. कोणालाही नाही म्हणणे तिच्या स्वभावात नव्हते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती रात्री बारापर्यंत बसू लागली. संक्रांत पार पडली आणि उजव्या अंगठ्याचा बुंधा असा सुजला, की चहाचा कप उचलवेना. मुंबईहून मुलगा आला तो रागावूनच. "आई, कशाला हा उपद्व्याप? आम्ही कमी पाठवतो का?" आत्या काही बोलली नाही. रात्री मात्र मला म्हणाली, "अगं, पैसे पाठवतो गं तो. पण कोणी माझी वाट पाहतंय, असं किती वर्षांनी वाटलं!"

मला त्या दोघांचेही पटले. मुलाला आईच्या हाताची सूज दिसत होती, आईला त्या हाताचे मोल. अशा वेळी काम बंद करणे हा सोपा उपाय असतो, योग्य असतोच असे नाही. वृद्धांना विश्रांती हवी असते, तसे कोणाच्या तरी उपयोगी पडणेही हवे असते. आम्ही मग डॉक्टरांचा सल्ला घेऊन कामाचीच फेररचना केली. ती इतर घरांनाही उपयोगी पडेल असे वाटते.

प्रथम हात. चिमटीच्या कामाचा सर्वाधिक ताण अंगठ्याच्या बुंध्याशी असलेल्या सांध्यावर येतो. आत्या आता पंचवीस मिनिटे काम करते, मग उठून अंगणात चालते, बोटे उघडते-मिटते. कामापूर्वी कोमट पाण्यात हात शेकते. कात्री स्प्रिंगची घेतली, सुईचे बूड जाड करण्यासाठी तिला कापडी पट्टी गुंडाळली. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल, सांधे लाल वा गरम होत असतील किंवा रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होत असतील, तर डॉक्टरांना दाखवावे. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ करण्याचे औषध चालू असलेल्यांना त्या घातक ठरू शकतात.

दुसरी गोष्ट आच. मधुमेहामुळे ज्यांच्या बोटांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी परातीवर हलवा करण्याचा आग्रह सोडावा. चटका बसल्याचे त्यांना वेळेवर कळत नाही आणि जखम भरायलाही विलंब लागतो. तयार हलवा विकत आणून केवळ गुंफण्याचे काम करावे; त्याने कलेला कमीपणा येत नाही. पाक त्वचेला चिकटून राहतो, म्हणून भाजल्यास तो भाग लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. शाई, टूथपेस्ट, हळद असे काही लावू नये.

तिसरी गोष्ट डोळे आणि बैठक. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी दिवा डाव्या बाजूस ठेवावा, म्हणजे हाताची सावली पडत नाही. जवळचा चश्मा वर्षातून एकदा तपासून घ्यावा. मोतीबिंदूची शंका असेल, तर हंगाम संपण्याची वाट न पाहता तपासणी करावी. जमिनीवर मांडी घालून बसण्याऐवजी टेबल-खुर्ची बरी; टेबल कोपरांच्या उंचीचे असावे.

चौथी गोष्ट वेळापत्रक. आमच्या भागात पाऊस उदंड आणि दमटपणा त्याहून हट्टी. हलवा आधी करून ठेवला, तर ओलावा धरून चिकट होतो. परंतु पुठ्ठे कापणे, जरी लावणे, सोनेरी मणी ओवणे, डबे तयार करणे ही कामे श्रावणापासून सावकाश होऊ शकतात. जुलै 2021च्या महापुरात महाडच्या बाजारपेठेत पाणी भरले, त्या अनुभवातून शहाणे झालेल्या अनेक घरांप्रमाणे आत्यानेही आपले सामान घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून माळ्यावर ठेवले आहे. जानेवारीसाठी फक्त हलवा आणि शेवटची गुंफण उरते. संचांची संख्याही ठरली आहे: हंगामात पाच. सहाव्या गिऱ्हाइकाला ती नम्रपणे पुढच्या वर्षीचे आश्वासन देते.

आता मोलाविषयी. "द्या काहीतरी" हे उत्तर विनयाचे वाटते, पण त्यात स्वतःच्या श्रमाचा अनादर असतो. उदाहरणादाखल एक हिशेब मांडतो तसा मांडून पाहा. सामान 200 रुपये, डबा 30, प्रवास व फोन 40. कामाचे तास दहा. तासाला 60 रुपये धरले तरी 600. एकूण 870. कोणी तीनशे रुपये देऊ केले, तर आपण दहा तास राबून फक्त तीस रुपये मिळवले, हे आकड्यांनिशी दिसते. दर तुमच्या गावाप्रमाणे बदलतील. तास मात्र मोजायलाच हवेत. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि वहीत लिहून ठेवावी. मोबाइलवरून पैसे येताना आपला पिन कधीही टाकावा लागत नाही, हे ज्येष्ठांना घरच्यांनी पुन्हा पुन्हा सांगावे. पुढे व्यवसाय वाढवावासा वाटला, तर सरकारची उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. त्यासाठी कोणालाही शुल्क देऊ नये.

दागिना देताना गिऱ्हाइकाला दोन सूचनाही द्याव्यात. गोंद लावलेला हलवा खाण्याचा नाही. आणि बोरन्हाणात बाळाच्या अंगावरील दागिने छायाचित्र होताच उतरवावेत. टणक दाणा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो आणि गळ्यातील दोरा आवळू शकतो.

राहिला घरच्यांचा वाटा. आत्याची सून आता गिऱ्हाइकांचे फोन घेते आणि संख्या पाचावर थांबवते. नात अवघड गाठी मारते. रागावलेला मुलगा संक्रांतीपूर्वी मुंबईहून जरी आणि मणी घेऊन येतो. परतताना तिकडची मागणी असेल तर डबा घेऊन जातो. आईने काम करावे की नाही, हा वाद त्या घरात आता होत नाही. किती करावे आणि त्यात कोणी कोणता हात लावावा, एवढेच बोलणे होते.

गेल्या संक्रांतीला आत्याने पाच संच पूर्ण केले. अंगठा थोडा दुखला, सुजला नाही. मिळालेल्या पैशांतून तिने प्रथम काय घेतले असेल, तर टेबलावर ठेवायचा चांगला दिवा.

तुमच्या घरातही असे हात असतील. ते विणत असतील, मणी ओवत असतील, गोधडी शिवत असतील. त्यांना "आता पुरे" म्हणण्यापूर्वी एकदा त्यांच्याशेजारी बसून काम पाहा. कुठे दुखते ते विचारा, आणि किती तास लागले तेही.