मैफलीचा फोटो आणि एका पानाचा कागद

कराडला लागून असलेल्या आमच्या मलकापुरात फोटो स्टुडिओंचा धंदा मुख्यतः लग्नसराईवर चालतो. वाढदिवस, बारसे, साखरपुडा ही कामे मोबाईलने केव्हाच हिरावून घेतली. सराई संपली की स्टुडिओवाले तरुण रिकामे बसतात आणि आम्हाला विचारतात, "दुसरे काम कोणते धरावे?" आम्ही त्यांना शास्त्रीय संगीताच्या मैफलींकडे बोट दाखवतो.

मैफली आपल्यापासून दूर नाहीत. कराडहून रेल्वेने मिरज गाठता येते. तेथे ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसानिमित्त उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या स्मृतीसाठी पुण्यात १९५३ पासून मोठा महोत्सव भरतो. शिवाय गावोगावी लहान मंडळांचे कार्यक्रम असतातच.

हे काम मात्र लग्नाच्या फोटोंसारखे नाही. येथे कोणी "इकडे बघा" म्हणत नाही आणि फ्लॅश तर वर्ज्यच समजावा, कारण त्याने गायकाची तंद्री मोडते. उजेड मंद, हात सतत हलता आणि तोंडासमोर मायक्रोफोन. समेवर येताना गायकाच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो तो क्षणभर टिकतो. तो टिपायचा तर गाणे थोडेफार कळले पाहिजे आणि श्रोत्यांच्या आड न येता एका जागी तासन्‌तास बसण्याचा धीर पाहिजे. परदेशी ऑपेरागृहांत छायाचित्रकारांना बहुधा रंगीत तालमीलाच बोलावतात, म्हणजे प्रयोगाच्या वेळी प्रेक्षकांना त्रास होत नाही. आपल्या आयोजकांनीही वाद्ये जुळवण्याची वेळ आणि पहिली दहा मिनिटे फोटोसाठी राखून ठेवली तर कोणाचीच तक्रार राहणार नाही.

परंतु आमचा खरा मुद्दा पुढेच आहे. आमच्या परिचयाच्या एका तरुणाला एका मंडळाने मैफलीचे फोटो काढायला सांगितले आणि पाचशे रुपये हातावर ठेवले. त्यातला एक फोटो स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर आला आणि पुढे एका दुकानाच्या जाहिरात फलकावरही चढला. फोटोग्राफरचे नाव कोठेच नव्हते. विचारायला गेला तेव्हा उत्तर मिळाले, "तुझे पैसे दिले ना? मग आता काय?"

उत्तर कडू आहे, पण मालकीपुरते ते कायद्याला धरून आहे. १९५७ च्या कॉपीराईट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक काम सांगणारा असतो. उलट करार झालेला असेल तरच मालकी फोटोग्राफरकडे राहते. याचा अर्थ असा की, पाचशे रुपयांत त्या तरुणाने केवळ एका संध्याकाळचे श्रम नव्हे तर फोटोचे पुढचे सारे उत्पन्न विकले, आणि ते त्याच्या ध्यानीमनीही नव्हते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क ते काढणाऱ्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. मुलाबाळांना पुरेल अशी ही मिळकत एका कागदाअभावी हातची जाते. मालकी गेली तरी कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा हक्क कलम ५७ ने शाबूत ठेवला आहे, एवढाच काय तो दिलासा.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. कॅमेरा उघडण्यापूर्वी एका पानाचा कागद करावा. फोटोची मालकी फोटोग्राफरकडे राहील, मंडळाला तो कोठे, किती काळ वापरता येईल, नाव कोठे छापले जाईल आणि जाहिरातीसाठी वेगळा मोबदला किती, या चार गोष्टी लिहून दोघांनी सह्या कराव्यात. न्यायाचा दुसरा पारडाही विसरू नये. कलावंताचा चेहरा ही त्याची आयुष्यभराची कमाई आहे. जाहिरातीपूर्वी त्याची लेखी संमती घेणे हे आपलेही कर्तव्य ठरते.

यातून उपजीविका होईल का, अशी शंका वाचक घेतील. एकट्या मैफलींवर घर चालणे कठीण, हे आम्हीही मानतो. परंतु पुण्याचे सतीश पाकणीकर यांनी वर्षानुवर्षे टिपलेल्या गायक-वादकांच्या प्रकाशचित्रांतून दिनदर्शिका काढल्या, प्रदर्शने भरवली. जपून ठेवलेला जुना फोटो पुन्हा पुन्हा कामी येतो तो असा. अट एकच, तो आपल्या मालकीचा असला पाहिजे.

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्य घडविणाऱ्या कारागिरांच्या पिढीजात कसबाला कायद्याचे नाव लाभले. त्या वाद्यांवर वाजणारी मैफल टिपणारा तरुणही कारागीरच आहे. मंडळांनी फोटोखाली त्याचे नाव छापायला संकोच करू नये, आणि त्यानेही कागद मागायला लाजू नये.