विमा नाही, म्हणून नातेही नाही?

घरातील कुणाला कर्करोग झाल्याचे निदान होते आणि ती वार्ता सोयऱ्याधायऱ्यांत पसरते, तेव्हा आजकाल पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? ‘प्रकृती कशी आहे?’ आणि ‘कुठे दाखवले?’ हे प्रश्न मागाहून येतात. पहिला प्रश्न असतो, ‘विमा काढला होता का?’ नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील खेडी सोडून पुण्या-मुंबईस अथवा हैदराबादेस स्थिरावलेल्या आमच्या नोकरदार बांधवांच्या तोंडी तो विशेष सहजतेने येतो. उत्तर ‘नाही’ असे आले की विचारणारा सुस्कारा सोडतो. त्या सुस्काऱ्यात दु:ख थोडे आणि सुटकेची भावना अधिक असते. ‘काढून ठेवा म्हणून किती वेळा सांगितले होते,’ एवढे म्हटले की चुलता, मामा, भाचा, पुतण्या सारेच कर्तव्यमुक्त होतात. पुढे दर्शनी भेट, सफरचंदांची पिशवी, उशाखाली सरकवलेली पाचशेची नोट आणि ‘काही लागले तर सांगा’ हे ठरलेले वाक्य. रुग्णाला जे लागते, ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

या प्रवृत्तीचा परखड समाचार घेण्याची वेळ आली आहे.

दोष कोणाचा?

कोरडवाहू सोयाबीनवर संसार चालविणारा शेतकरी, हंगामापुरता ऊसतोडीस जाणारा मजूर, आडत बाजारात पोती उचलणारा हमाल, यांच्या घरी विम्याचा हप्ता भरण्याजोगी शिल्लक कोणत्या महिन्यात उरते, हे विचारणाऱ्याने आधी सांगावे. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर होता. तो सप्टेंबर २०२५ मध्ये शून्यावर आला, हे स्वागतार्ह आहे. परंतु ज्याच्या हाती मुळात हप्ताच नाही, त्याला कराची माफी काय कामाची? शिवाय निदान झाल्यावर विमा काढणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याला न खणलेल्या विहिरीचा हिशेब विचारणे हा शहाणपणा नव्हे; तो निव्वळ निर्दयपणा आहे.

दुसरा आक्षेप तंबाखूचा. ‘खाल्ली ना आयुष्यभर, मग भोगा!’ असे म्हणणारेही नातलगच असतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पण आपल्याच घरच्या कार्यात पानसुपारीच्या तबकात तंबाखूची डबी कोण ठेवत होते? चंची पुढे करून आग्रह कोण करीत होते? सोबत खाल्लेल्या तंबाखूचे पाप मात्र एकट्याच्या माथी!

शासन आहे, पण शासन सोबतीला येत नाही

काही जण म्हणतात, आता सरकारी योजना आहेत, नातेवाइकांनी खिशात हात घालण्याचे कारणच काय? या युक्तिवादाचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. राज्यात युतीचे शासन असताना १९९७ मध्ये जीवनदायी योजना आली. २०१२ मध्ये नव्या स्वरूपातील योजनेचा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होते. लातूरसह उर्वरित राज्य २०१३ मध्ये आले. मराठवाड्यातील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही तीत स्थान मिळाले. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेशी तिची सांगड घातली गेली. जुलै २०२४ पासून कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मानचा लाभ खुला झाला. ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु योजना ही ठरावीक उपचारांची, ठरावीक दरांची आणि अंगीकृत रुग्णालयांची असते. निदान पक्के होईपर्यंतच्या तपासण्या, गावापासून रुग्णालयापर्यंतचे हेलपाटे, दोन उपचारांच्या मधले मुक्काम, योजनेच्या यादीबाहेरची औषधे, रुग्णाची आणि सोबत्याची बुडालेली मजुरी, घरी राहिलेल्या लेकरांच्या शाळेचा खर्च, हे सारे कोणत्या योजनेत बसते? किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, अनेक आठवडे चालतात. रसायनोपचार दर काही आठवड्यांनी महिनोन् महिने चालतात. शेत विकले जाते किंवा सावकाराकडे पडते, ते बहुधा याच फुटकळ वाटणाऱ्या खर्चापायी. आणि शिधापत्रिकेवर नाव नाही, आधारवरचे नाव जुळत नाही, विभक्त झालेल्या मुलाची पत्रिका वेगळी, अशा अडचणींनी भांबावलेल्या निरक्षर माणसाला खिडकी-खिडकीवर घेऊन कोण हिंडणार? शासन खाट देईल, शस्त्रक्रिया देईल. पहाटेच्या गाडीला सोबत येणारा पुतण्या शासन देऊ शकत नाही.

किल्लारीला धावलेला समाज कुठे गेला?

हा समाज मुळात कोरडा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची धरणी हादरली, तेव्हा ढिगारे उपसण्यासाठी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून हात आले. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानले, तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी आली. लातुरातच डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये संघविचाराच्या प्रेरणेतून विवेकानंद रुग्णालय उभे केले. आज तेथे कर्करोगावरील उपचारांचीही सोय आहे, आणि डॉ. कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण देऊन राष्ट्राने त्या कार्याची दखल घेतली. परळला टाटा रुग्णालयाच्या सान्निध्यात नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून परगावच्या रुग्णांची सेवा करीत आहे. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा कर्करुग्णांना आसरा देते. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने सीमेवरच्या आपल्या खेड्यांना किती आधार दिला, हे लातूर-धाराशिवच्या लोकांना सांगायला नको.

मग प्रश्न असा पडतो की, गाव कोसळले तर धावणारा समाज एकटे घर कोसळताना स्तब्ध का राहतो? भूकंप सर्वांना दिसतो. कर्करोग एकाच घराच्या उंबऱ्याआड राहतो आणि तेथे वर्षभर रोज थोडी थोडी भिंत पडत असते. अशा घराची हाक संस्थेपर्यंत पोहोचण्यापूर्वी नातलगांपर्यंत पोहोचलेली असते. ती ऐकूनही ‘संस्था आहेत की!’ असे म्हणणारा माणूस सेवाकार्याचा गौरव करीत नाही. तो त्याच्याआड लपतो.

कुटुंब म्हणजे विमापत्रावरील चौकट काय?

आपण हिंदू कुटुंबव्यवस्थेचा अभिमान सांगतो. पश्चिमेकडे म्हातारा बाप वृद्धाश्रमात जातो, आमच्याकडे नाही, असे व्याख्यानांतून ठणकावून सांगतो. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने पंच परिवर्तनाचा विषय घरोघरी गेला, त्यात कुटुंब प्रबोधन हा एक विषय आहे. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. व्यक्ती, कुटुंब, समाज आणि राष्ट्र ही परस्परांपासून तुटलेली बेटे नाहीत, हे त्यातील मर्म. आणि व्यवहारात? व्यवहारात आपण विमा कंपनीची आणि प्राप्तिकर खात्याची व्याख्या निमूटपणे स्वीकारली आहे: स्वत:, पत्नी, मुले, फार तर आईवडील. विधवा आत्या या चौकटीत नाही. चुलतभाऊ नाही. ज्या मामाच्या घरी राहून आपण दहावी-बारावी केली, तो मामाही नाही. कायद्याने चौकट आखली ती कराच्या वजावटीसाठी. ती आपण अंत:करणासाठी वापरू लागलो, हा दोष पश्चिमेच्या माथी मारता येणार नाही.

सर्वांत मोठे पाप बहिणीच्या बाबतीत घडते. लेकींना वडिलोपार्जित संपत्तीत वाटा देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये केला. त्यानंतर आपल्या गावोगावी काय घडले? भावाबहिणीचे नाते ‘गोड’ राहावे म्हणून बहिणीला तहसिलात नेऊन हक्कसोड पत्रावर सही घेतली गेली आणि भाऊबिजेच्या साडीचोळीवर तिची बोळवण झाली. तीच बहीण उद्या गर्भाशयमुखाच्या वा स्तनाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळली की सासरचे म्हणतात, ‘माहेरी कळवा’, आणि माहेरचे म्हणतात, ‘ती आता त्यांची’. घरच्या पुरुषाच्या दुखण्यास एकर विकायला निघणारे घर बाईच्या दुखण्यास ‘आता वयच झाले’ असे म्हणते. ज्या भावाने बहिणीच्या वाट्याची जमीन राखली, त्याने तिच्या उपचाराला पैसे देणे याला मदत म्हणणेसुद्धा चुकीचे आहे. ती तिच्याच मालकीच्या रकमेची परतफेड आहे. आपल्या परंपरेने मनुष्य जन्मत:च ऋणी मानला. ऋण फेडणारा उपकार करीत नसतो आणि घेणाऱ्याने मान खाली घालायची नसते.

आणखी एक कटू सत्य. आजार बरा करण्याचे आमिष दाखविणाऱ्या चंगाई सभांविरुद्ध आपण लेख लिहितो, निवेदने देतो. ते योग्यच आहे. पण त्या दारात परका माणूस पोहोचण्यापूर्वी सहा महिने सख्खे लोक फिरकले नव्हते, याचे निवेदन कोणाला द्यायचे? धर्म सोडून जाणाऱ्याचा जाब विचारण्यापूर्वी, त्याला संकटात सोडून गेलेल्यांनी आरशात पाहावे.

आहेराच्या वहीत आजाराचे पान

केवळ संताप व्यक्त करून भागणार नाही. आपल्याकडे लग्नात आहेराची वही असते. कुणी किती दिले, ते लिहिले जाते आणि त्यांच्या कार्यात ते फेडले जाते. वऱ्हाड, मंडप आणि पंगती यांसाठी जी शिस्त आपण पिढ्यान् पिढ्या पाळली, ती आजारासाठी का नको? त्याच वहीत आजाराचे एक पान काढावे. निदान झाल्यापासून आठवडाभरात भाऊबंदांनी आणि सोयऱ्यांनी एकत्र बसावे. एकरकमी नोट देऊन निघून जाण्याऐवजी उपचार चालतील तितके महिने, ज्याला जे झेपेल ते दरमहा देण्याचे प्रत्येकाने लिहून द्यावे. हिशेब एकाने ठेवावा आणि तो सर्वांस दाखवावा. पैशाचे गैरसमज नाते जितके तोडतात तितके आजारही तोडत नाही.

ज्याला पैसा देणे शक्य नाही, त्याने श्रम द्यावेत. शिकलेल्या भाच्याने शिधापत्रिका आणि आधार दुरुस्त करून घ्यावे, अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राला गाठावे, मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज भरावा. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे २००६ पासून बंधनकारक आहे. तो हक्क मागावा. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णास रेल्वेच्या शयनयानात पूर्ण आणि सोबत्यास पाऊण सवलत मिळते, ती घ्यावी. एकाने शेताची पेरणी सांभाळावी, एकीने लेकरे. शासनाचा हक्काचा पैसा आधी आणि नातलगांचा पैसा जिथे शासन पोहोचत नाही तिथे, हा क्रम ठेवला तर कुणाचेच घर कर्जात बुडणार नाही. झेपेल त्याहून अधिक देऊन दुसरे घर उद्ध्वस्त करावे, असे आमचे म्हणणे नाही. रोग हाताबाहेर गेला असेल तर तेही डॉक्टरांकडून स्पष्ट समजून घ्यावे आणि उरलेले दिवस वेदनामुक्त जातील यासाठी खर्च करावा; शेवटचा एकर विकून आशा विकत घेऊ नये.

फुकटचे सल्लेही आवरावेत. आयुर्वेद हा आपला ठेवा आहे. परंतु त्याच्या नावावर पुड्या विकणाऱ्या भोंदूकडे रुग्णाला पाठवून शस्त्रक्रियेचे तीन महिने वाया घालविणे हा आयुर्वेदाचाही अपमान आहे.

आणि शेवटी, रोगाची वाट पाहत बसू नये. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की, आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्याच्या आसपास घटतात. हे ज्ञान आपल्याच मातीतून जगाला मिळाले. या भाऊबिजेला ओवाळणीच्या ताटात साडीबरोबर बहिणीच्या तपासणीचा खर्च ठेवावा, आणि घरातील तरुणांचा विमा सर्वांनी मिळून आजच काढावा. विम्याचा आग्रह धरण्याची हीच खरी वेळ आहे. माणूस खाटेवर पडल्यानंतरची नव्हे.

हिंदू कुटुंबव्यवस्था जगात श्रेष्ठ आहे, हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार आम्हाला जरूर आहे. मात्र त्याची परीक्षा व्यासपीठावर होत नाही. ती होते टाटाच्या आवारात किंवा विवेकानंदच्या ओसरीवर, जेव्हा परिचारिका विचारते, ‘पेशंटसोबत कोण आहे?’ त्या क्षणी पुढे येऊन ‘मी आहे’ असे म्हणणारा कुणी तरी प्रत्येक रुग्णापाशी असेल, एवढे तरी आपण घडविणार आहोत काय?