पहिल्या टाहोसरशी

प्रसूतिगृहाबाहेर बसलेल्या आजी-आजोबांचे कान बाळाच्या पहिल्या टाहोकडे लागलेले असतात. त्याच क्षणी बाळाच्या रक्ताची वाटही बदलू लागते, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

गर्भाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. प्राणवायू मिळतो तो वारेतून. नाळेतील एक शीर शुद्ध रक्त आणते, दोन धमन्या अशुद्ध रक्त परत नेतात. फुप्फुसांकडे फारसे रक्त धाडण्याचे प्रयोजन नसल्यामुळे निसर्गाने दोन आडवाटा ठेवल्या आहेत : हृदयाच्या दोन अलिंदांमधील झडपेचे छिद्र, आणि फुप्फुसधमनीला महाधमनीशी जोडणारी आखूड नलिका.

वसईच्या खारजमिनीचे बांध ज्यांनी पाहिले असतील त्यांना उघाडी आठवेल. आतले पाणी चढले की तिचे दार उघडते आणि बाहेरून भरती दाबू लागली की आपोआप मिटते. ही झडप तशीच आहे. गर्भात उजव्या बाजूचा दाब अधिक, म्हणून ती उघडी. जन्मानंतर फुप्फुसे फुलतात, त्यांतून डाव्या अलिंदात भरपूर रक्त येते आणि तो वाढलेला दाब झडप लावून घेतो. नलिका आकसण्यास बहुधा दोन-तीन दिवस लागतात, पुरती बुजण्यास काही आठवडे. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ती उघडी राहण्याचा संभव अधिक.

आपल्यापैकी सुमारे चारांत एकाची ती झडप आयुष्यभर पुरती चिकटलेली नसते! इकोच्या अहवालात तसा उल्लेख दिसल्यास घाबरू नये. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. पक्षाघात होऊन गेला असेल तर मात्र डॉक्टरांशी अवश्य बोलावे.

मुलांमधील जन्मजात दोष वेळीच शोधणारा ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्यात हृदयदोषांचीही तपासणी होते. तरीही बाळाला तासन्‌तास मांडीवर घेऊन बसणारी आजीच पुष्कळदा प्रथम काही टिपते. पहिल्या दिवसांत तळहात-तळपाय किंचित निळसर दिसणे सहसा काळजीचे नसते. परंतु ओठ वा जीभ निळी पडली, श्वासाला धाप लागली, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. दूध पिताना बाळ घामाघूम होत असेल, दमून मध्येच थांबत असेल, तर ‘अंगाला लागेल हळूहळू’ असे म्हणत थांबू नये. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.