एका साक्षीदारावर भागत नाही

गेल्या वर्षी एका अर्जाची शेवटची तारीख होती. नायगावातल्या ई-सेवा केंद्रात आम्ही सात-आठ जण दिवसभर बसून होतो. सर्व्हर बंद. रात्री तो सुरू झाला तेव्हा मुदत संपली होती. आम्ही वेळेत आलो होतो, याची नोंद मात्र कुठेच नव्हती.

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत निजामकाळातले काही उर्दू कागद आहेत. शाई फिकी झाली आहे, पण मोहर आणि साक्षीदारांच्या सह्या अजून दिसतात. आज डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मोबाइलवर मिळतो. ही सोय मोठी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण डिजिटल सही दोनच गोष्टी सांगते: सही कोणाची आणि त्यानंतर कागद बदलला का. सही कधी झाली, हे सही करणाऱ्याचेच घड्याळ सांगणार असेल, तर घड्याळ मागे फिरवून आज कालचा कागद तयार करता येतो.

कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगते. साक्षीदार एकापेक्षा जास्त, कारण माणूस विसरतो, चुकतो. यंत्राचेही तसेच आहे. 1991 मध्ये स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या संशोधकांनी उपाय मांडला. प्रत्येक दस्ताचा गणिती ठसा काढायचा आणि तो आधीच्या ठशांशी साखळीसारखा जोडायचा. पुढे 1995 पासून अशा साखळीचा ठसा दर आठवड्याला ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापला जाऊ लागला. आता जुनी नोंद गुपचूप बदलायची, तर घरोघरी गेलेले अंकही बदलावे लागतील!

आपल्याकडे हे अवघड नाही. जमिनीच्या नोंदींचा रोजचा ठसा विद्यापीठ, न्यायालय, वर्तमानपत्र अशा वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावा. एक सर्व्हर पडला, तर दुसऱ्याने काम पुढे न्यावे. आणि सगळेच बंद असेल, तेव्हा अर्जदाराला तारीख-वेळेची पावती द्यावी आणि ती मुदतीत धरावी.

मूळ नोंदच चुकीची असेल, तर सही ती चूकही तितक्याच इमानदारीने जपते. ती दुरुस्त करणे माणसांचेच काम आहे. पण मुदत सरकारची, सर्व्हर सरकारचा आणि घड्याळही सरकारचेच असेल, तर गरिबाची गवाही कोण देणार?