परग्रहावरील जीव आणि मुकुंदवाडीचे पाणी

डॉ. जयंत नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. विश्वरचनाशास्त्रातील त्यांच्या कार्याची थोरवी सर्वपरिचित आहे. परंतु पृथ्वीबाहेरील जीवसृष्टीविषयी बोलताना संयम कसा पाळावा, याचा धडा त्यांच्या पुढाकाराने झालेल्या एका निराळ्या प्रयोगात सापडतो. २००१ आणि २००५ साली हैदराबादहून महाकाय फुगे सोडून ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरील हवेचे नमुने गोळा करण्यात आले. जीवनाची बीजे अवकाशातून पृथ्वीवर येत असावीत, या फ्रेड हॉयल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांच्या मताची ती परीक्षा होती. २००५ च्या नमुन्यांत जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती आढळल्या. जिवाणूंच्या तीन प्रजाती तोवर अज्ञात होत्या. त्यांपैकी एकीला हॉयल यांचे, तर दुसरीला आर्यभटाचे नाव देण्यात आले. हे जिवाणू अतिनील किरणांना त्यांच्या पृथ्वीवरील भावंडांपेक्षा अधिक दाद देत नव्हते. तथापि ते परग्रहावरून आले हे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करतानाच ‘इस्रो’ने स्पष्ट केले.

विज्ञानाची भूमिका आजही तीच आहे. सूर्याखेरीज अन्य ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या निश्चित ग्रहांची संख्या सप्टेंबर २०२५ मध्ये सहा हजारांवर गेली. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजचे निक्कू मधुसूदन यांच्या गटाने ‘के२-१८बी’ या ग्रहाच्या वातावरणात जीवसृष्टीशी संबंधित असू शकणाऱ्या रसायनाच्या खुणा दिसल्याचे सांगितले आणि लगोलग इतर शास्त्रज्ञांनी त्यावर आक्षेप नोंदविले. संभाव्यता वाढते आहे. पुरावा मात्र अद्याप एकही नाही.

उद्या तो मिळाला तर धर्मश्रद्धा कोसळतील, असा एक समज आहे. तो फारसा टिकणारा नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ वेरूळच्या ३४ लेण्यांत बौद्ध, हिंदू आणि जैन या तीन परंपरा शेजारी नांदल्या. यांपैकी एकीनेही सृष्टी या एका भूमीपुरती मर्यादित मानली नाही. पुराणांत चौदा लोक आणि असंख्य ब्रह्मांडे आहेत, बौद्ध ग्रंथांत अनेक लोकधातू आहेत आणि जैन विचारात तर पाण्याचा थेंबही सजीव आहे. इस्लाम ईश्वराला सर्व विश्वांचा पालनकर्ता मानतो. ज्या रोममध्ये १६०० साली जिओर्दानो ब्रूनोला जाळण्यात आले, त्याच्यावरील आरोपांत अनेक विश्वांची कल्पनाही होती. तेथील व्हॅटिकनच्या वेधशाळेचे प्रमुख फादर होसे गाब्रिएल फ्युनेस यांनी २००८ मध्ये परग्रहवासीयांचे अस्तित्व मानणे श्रद्धेच्या विरोधात नाही, असे सांगितले. अर्थात, पुराणांतील लोक म्हणजेच दुर्बिणीतून दिसणारे ग्रह, असे जुळवून दाखविण्याची हौस धर्मावरही अन्याय करते आणि विज्ञानावरही. त्या कल्पना माणसाला विश्वातील त्याचे स्थान सांगण्यासाठी होत्या, ग्रहांची मोजदाद करण्यासाठी नव्हे.

खरा पेच पुढे आहे. परग्रहावर जीव आहेत काय, हा ज्ञानाचा प्रश्न झाला. परग्रहावर आपण जाऊन राहावे काय, हा आचरणाचा प्रश्न आहे. तेथे धर्म आणि विज्ञान या दोघांनाही उत्तर द्यावे लागते. संयुक्त अरब अमिरातीतील धर्मसंस्थेने २०१४ मध्ये मंगळावरील परतीविना प्रवास आत्महत्येसमान ठरविला. त्याच देशाचे यान २०२१ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचले. म्हणजे विरोध शोधाला नव्हता, जीव उधळून टाकण्याला होता. १९६७ च्या अंतराळ करारानेही कोणत्याही राष्ट्राला खगोलावर मालकी सांगण्यास मनाई केली आहे.

पृथ्वी संकटात आल्यास मानवजातीला दुसरे घर हवे, हा वसाहतवाद्यांचा मुख्य युक्तिवाद. परंतु त्या घराचे स्वरूप काय? मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, माती विषारी क्षारांनी भरलेली आणि पाणी बर्फाच्या रूपात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात घाम, श्वासातील बाष्प आणि मूत्र यांतील ९८ टक्के पाणी पुन्हा पिण्यायोग्य करण्यात २०२३ मध्ये यश आले. अवकाशातील वस्ती टिकायची तर प्रत्येक थेंबाचा असा हिशेब आणि त्याची समान वाटणी, हीच तिची पहिली अट राहील.

ही अट जमिनीवर कितपत पाळली जाते, हे मुकुंदवाडीने दाखवून दिले आहे. ‘वसाहत’ हा शब्द तेथे नवा नाही. लगतच चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आहे. २०१९ मध्ये मुकुंदवाडीतील, नळाचे पाणी न पोहोचलेल्या घरांतली लहान मुले रिकामे कॅन घेऊन रेल्वेने औरंगाबाद स्थानकावर जात आणि तेथून पाणी भरून आणीत. जाऊन-येऊन हा प्रवास सुमारे १४ किलोमीटरचा. त्याच वर्षी २२ जुलै रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या दिशेने ‘चांद्रयान-२’ झेपावले. त्या ध्रुवाचे आकर्षणही पाण्याचेच होते.

यावरून अवकाश संशोधनाचा खर्च नळांवर करावा, असा सोपा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पाण्याचा शोध घेणारे उपग्रह दुष्काळी भागालाच अधिक उपयोगी पडतात, आणि मुलांना नळ न मिळण्याचे कारण चांद्रयान नव्हते. प्रश्न वेगळा आहे. ज्या समाजाला सात किलोमीटरवरचे पाणी सर्वांपर्यंत न्यायला जमत नाही, त्याने कोट्यवधी किलोमीटरवर न्याय्य वस्ती उभारण्याची ग्वाही द्यावी, हे विज्ञान नव्हे. ती निव्वळ भाबडी श्रद्धा झाली.

धर्माच्या बाजूनेही याचे उत्तर या भूमीत फार पूर्वी दिले गेले आहे. शहराला पाणी देणाऱ्या जायकवाडीच्या जलाशयाला पैठणच्या एकनाथांचे नाव आहे. रामेश्वरासाठी काशीहून आणलेले गंगाजल नाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले, ही कथा मराठवाड्यात घरोघरी सांगितली जाते. महाड येथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याचा हक्क हा माणुसकीचा हक्क असल्याचे प्रत्यक्ष कृतीने दाखवून दिले. परग्रहावर जीव सापडोत वा न सापडोत, माणूस तेथे जाताना आपल्या यंत्रांबरोबर आपल्या सवयीही नेणार आहे. त्या सवयींची पारख मंगळावर पोहोचण्याची वाट पाहत बसलेली नाही. ती पृथ्वीवरील प्रत्येक तहानलेल्या वस्तीत रोज होते आहे.