सोयाबीनचा भाव ठरवतं कोण? सुलतानपूरच्या शेतापासून शिकागोच्या बाजारापर्यंतची साखळी

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लोणार तालुक्यात सुलतानपूर आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या या भागात खरिपाचं मुख्य पीक सोयाबीन. इथली बहुतांश शेती पावसाच्या भरवशावर चालते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मळणी होते आणि घराघरात एकच हिशेब सुरू होतो: आता विकायचं की थांबायचं?

अलीकडच्या हंगामांत हा हिशेब फारसा जुळलेला नाही. २०२४-२५ साठी केंद्राने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर केला होता. राज्यातल्या अनेक बाजार समित्यांमध्ये मात्र भाव ४,००० ते ४,३०० रुपयांच्या आसपासच राहिले. समजा, एखाद्या शेतकऱ्याला पाच एकरांत २५ क्विंटल सोयाबीन झालं आणि ते ४,२०० रुपयांनी विकलं गेलं. हमीभावाच्या तुलनेत त्याचे १७,३०० रुपये कमी आले. पुढच्या हंगामाच्या बियाण्या-खताचा मोठा भाग यातून भागला असता.

मग भाव पाडला कोणी? बाजारात पहिलं बोट अडत्याकडे जातं. पण अडत्या प्लांटचा दर पाहतो आणि प्लांटवाला तेल आणि पेंडीचा. या दोन्हींचे दर सुलतानपुरात ठरत नाहीत.

एका दाण्याचे दोन बाजार

१०० किलो सोयाबीन गाळलं की साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोंच्या आसपास पेंड उरते. तेल स्वयंपाकघरात जातं, पेंड प्रामुख्याने कोंबड्यांच्या खाद्यात. त्यामुळे या पिकाचं नाव तेलबिया असलं, तरी त्याचा भाव पेंडीवरही तेवढाच अवलंबून असतो.

तेलाच्या बाजूने पाहिलं तर भारत गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून येतं, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनमधून. २०२२ मध्ये इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यात थांबवली, तेव्हा भारतातल्या किराणा दुकानांपर्यंत त्याचा परिणाम पोहोचला होता.

पेंडीच्या बाजूने ब्राझील आणि अमेरिका हे मोठे खेळाडू आहेत. जगात सर्वाधिक सोयाबीन ब्राझील पिकवतो आणि सर्वाधिक चीन विकत घेतो. या व्यापाराचे दर शिकागोच्या वायदेबाजारात दिसतात. ब्राझीलमध्ये हेक्टरी उत्पादन तीन टनांच्या वर जातं, भारतात ते एक टनाच्या आसपास रेंगाळतं. तिकडे विक्रमी पीक आलं की इथल्या महागड्या पेंडीला बाहेर गिऱ्हाईक मिळत नाही.

शुल्क वाढवलं, तरी भाव का वाढला नाही?

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं. सेस धरून प्रत्यक्ष शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के झालं. परदेशी तेल महागलं की देशी सोयाबीनला मागणी येईल, हा हेतू होता. तेल महागलं, पण सोयाबीन हमीभावापर्यंत गेलं नाही.

याचं एक मोठं कारण पेंड. जगभर पेंडीचा पुरवठा मुबलक होता. त्यात देशातच तिला नवा स्पर्धक तयार झाला होता. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट सरकारने २०३० वरून २०२५ वर आणलं. त्यासाठी मका आणि तांदळापासून इथेनॉल बनवणारे कारखाने वाढले. या प्रक्रियेत उरणारा प्रथिनयुक्त चोथा, म्हणजे डीडीजीएस, पशुखाद्यात सोयापेंडीपेक्षा स्वस्त पडतो. जे तेलात मिळालं, ते पेंडीत गेलं.

इथेनॉलचा निर्णय वाईट होता, असा याचा अर्थ नाही. कच्च्या तेलाची आयात कमी करणं आवश्यक आहे आणि मक्याला त्यातून चांगली मागणी मिळाली. पण एका शेतकऱ्याचा फायदा करणारा निर्णय शेजारच्या शेतकऱ्याला कुठे लागेल, हे आधी मोजलं गेलं पाहिजे.

पुढे ३० मे २०२५ रोजी कच्च्या तेलांवरचं मूळ शुल्क पुन्हा २० वरून १० टक्क्यांवर आलं. म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर.

निर्णय अनेक, टेबल वेगवेगळी

आयात शुल्क अर्थ मंत्रालय ठरवतं. इथेनॉलचं धोरण पेट्रोलियम मंत्रालय राबवतं. साठ्यावरची मर्यादा ग्राहक व्यवहार खात्याकडे असते. हमीभावाची शिफारस कृषिमूल्य आयोग करतो, खरेदी नाफेड आणि एनसीसीएफमार्फत होते. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले ते सेबीने. ही मुदत नंतर पुन्हा पुन्हा वाढवली गेली आणि पुढच्या महिन्यांतल्या भावाचा अंदाज देणारं एक साधन बंद राहिलं.

प्रत्येक निर्णयामागे स्वतःचं कारण आहे. शहरातल्या आणि गावातल्याही गरीब कुटुंबाला तेल परवडलं पाहिजे, ही सरकारची जबाबदारीच आहे. अडचण वेगळी आहे. ग्राहकांच्या महागाईसाठी २०१६ पासून ४ टक्क्यांचं लक्ष्य आहे. ते सलग चुकलं तर रिझर्व्ह बँकेला सरकारला उत्तर द्यावं लागतं. शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या भावासाठी असं उत्तरदायित्व कोणाचंच नाही. हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने खरेदी होईलच, याला कायद्याचा आधार नाही.

सरकारी खरेदीतही अटी आहेत. दाण्यात १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. परतीच्या पावसात भिजलेलं सोयाबीन या अटीत बसत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही मर्यादा त्या हंगामापुरती १५ टक्के करण्यात आली, तोवर अनेकांनी माल विकून टाकला होता. पुढे बारदान्याच्या टंचाईनेही खरेदी अडली. हवामान बदलतंय, पण खरेदीचं वेळापत्रक आणि नियम जुन्याच पावसावर बेतलेले आहेत.

जोडून विचार करणं शक्य आहे का?

याचं उदाहरण बुलढाणा जिल्ह्यानेच दिलं आहे. महामार्गाच्या भरावासाठी माती आणि मुरूम लागतो. तलाव आणि नाल्यांमधला गाळ काढायला पैसा लागतो. इथे रस्त्याच्या कामासाठी जलसाठ्यांमधली माती वापरली गेली. रस्त्याला भराव मिळाला आणि वेगळा खर्च न करता तलाव खोल झाले. ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून २०२० मध्ये याची देशपातळीवर दखल घेतली गेली. त्यात नवं तंत्रज्ञान नव्हतं. दोन खात्यांनी एकमेकांची गरज ओळखली, इतकंच.

सोयाबीनच्या बाबतीत हे करायचं तर सुरुवात साध्या गोष्टींपासून होऊ शकते. पेरणीपूर्वी जाहीर झालेलं आयात शुल्क विक्रीचा हंगाम संपेपर्यंत शक्यतो बदलू नये. बदलायचंच असेल तर शेतकरी, ग्राहक आणि प्रक्रिया उद्योगावर काय परिणाम होईल, हे सरकारने लेखी मांडावं. इथेनॉलचं उद्दिष्ट ठरवताना पशुखाद्याच्या बाजाराचाही हिशेब व्हावा. खरेदी केंद्रं मळणीबरोबर सुरू व्हावीत. भावातला फरक थेट खात्यात देणारी भावांतर योजना मध्य प्रदेशने २०२५ मध्ये सोयाबीनसाठी राबवली, तिचा अनुभवही तपासता येईल.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सोयाबीनसाठी ६,००० आणि ७,००० रुपयांची आश्वासनं दिली गेली. २०२५-२६ चा हमीभाव आहे ५,३२८ रुपये. आकडा कितीही मोठा जाहीर केला, तरी शुल्क, पेंड, इथेनॉल आणि खरेदी यांचे निर्णय वेगवेगळ्या दिशांना ओढत राहिले, तर तो सुलतानपूरच्या शेतकऱ्याच्या पट्टीवर उतरणार नाही. त्यामुळे पुढच्या वेळी हमीभाव जाहीर होईल तेव्हा आकड्यासोबत आणखी एक प्रश्न विचारायला हवा: हा भाव मिळाला नाही, तर उत्तर कोण देणार?