निमोचा बुंदेलखंड

डिस्नीचा १९५४ चा ‘२०,००० लीग्ज अंडर द सी’ परवा पुन्हा पाहिला. महाकाय स्क्विडशी झालेली झुंज आजही जागेवर खिळवते. ती आधी शांत समुद्रावर, मावळतीच्या उजेडात चित्रित झाली होती. पण स्क्विडच्या यंत्राच्या तारा दिसत होत्या, म्हणून दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशरने ती रात्रीच्या वादळात नव्याने घेतली. कष्टाचं चीज झालं.

जेम्स मेसनने साकारलेला पाणबुडीचा कप्तान निमो मात्र मला अपुरा वाटतो. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीत सिलोनजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब भारतीयासाठी तो खंजीर उपसून शार्कवर धावून जातो, आणि तो माणूस शुद्धीवर आल्यावर त्याच्या हातात मोत्यांची थैली ठेवतो. का, तर हा दडपलेल्यांच्या देशातला माणूस, आणि मीही तिथलाच! पुढे व्हर्नच्याच ‘मिस्टीरियस आयलंड’ या कादंबरीत कळतं, की निमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डाक्कर, १८५७ च्या उठावात लढलेला. चित्रपटातही त्याची बायको आणि मूल मारली जातात, पण मारणारं राष्ट्र निनावीच राहतं. त्याचा संताप तिथेच बोथट होतो.

मुलांना हा चित्रपट जरूर दाखवा. पण त्यानंतर दोन्ही कादंबऱ्या त्यांच्या हाती द्या.